एक्सलचा बूट फाटलाय: नुसता बूट बदलायचा की अख्खा एक्सल?

पुढच्या चाकाच्या रिमवर आतल्या बाजूने काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसले, की बहुतेक वेळा एक्सलचा, म्हणजे चाकाला गती देणाऱ्या दांड्याचा, रबरी बूट फाटलेला असतो. बूट म्हणजे एक्सलच्या टोकाच्या जॉइंटवरचं ग्रीस धरून ठेवणारं आवरण. गाडी घेऊन मेकॅनिककडे गेलात तर उत्तर ठरलेलं: "एक्सलच बदलून टाकू." त्यात त्याचा काही डाव असतोच असं नाही. जुना जॉइंट खोलून धुण्यात त्याचा वेळ मोडतो, हात कोपरापर्यंत बरबटतात, आणि महिन्याभराने तोच जॉइंट वाजायला लागला तर बोलणी त्यालाच बसतात. नवा एक्सल घातला की तो मोकळा.

पण गाडीसोबत आलेल्या मूळ एक्सलचा जॉइंट अजून ठणठणीत असेल, तर तो काढून त्या जागी बाजारातला स्वस्त एक्सल घालणं हा बऱ्याचदा तोट्याचा सौदा असतो. मूळ जॉइंटचं पोलाद आणि त्याचं फिनिशिंग सहसा अव्वल असतं. स्वस्त एक्सलमध्ये नेमकी तिथेच काटकसर केलेली असते, आणि मग वेग वाढला की गाडी थरथरते. उलट, जॉइंट आतून खराब झालेला असेल तर त्यावर नवा बूट चढवणं म्हणजे ग्रीस आणि मेहनत दोन्ही वाया. म्हणजे खरा प्रश्न बूटचा नाहीच, त्याच्या आतल्या जॉइंटचा आहे.

काम स्वतः करायचं नसेल तरी पहिल्या तीन पायऱ्या वाचून ठेवा. मेकॅनिकशी बोलताना उपयोगी पडतील.

## १. कुठला बूट फाटलाय ते बघा

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्सपासून प्रत्येक पुढच्या चाकाकडे एकेक एक्सल जातो. त्याच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतो आणि प्रत्येक जॉइंटवर घड्या असलेला एक बूट. म्हणजे पुढे एकूण चार बूट.

चाकाजवळचा बाहेरचा जॉइंट बहुतेक गाड्यांत सहा गोळ्यांचा असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी चाकाला एकसारखी गती देणं हे त्याचं काम. साधा क्रॉसचा जॉइंट कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेगात पुढे-मागे होतो, आणि असा झटका पुढच्या चाकाला चालत नाही. १९५९ साली आलेल्या मिनी गाडीत हा गोळ्यांचा जॉइंट होता, आणि पुढे छोट्या गाड्यांत तोच रुळला. गिअरबॉक्सजवळचा आतला जॉइंट बहुधा तीन रोलरचा असतो. चाक वरखाली होताना एक्सलची लांबी थोडी कमी-जास्त व्हावी लागते, ती सोय तो करतो.

बाहेरचा बूट आधी फाटतो, कारण प्रत्येक वळणाला त्याच्या घड्या ताणल्या जातात. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, इंजिन बंद करून, बॅटरीच्या उजेडात चाकाच्या मागे बघा. घड्या बोटांनी फाकवून पाहा. चीर घडीच्या तळाशी असते, वरून दिसत नाही.

इथे एक फसगत होते. बूट शाबूत असतो आणि फक्त क्लिप ढिली होऊन तिच्या बाजूने ग्रीस झिरपलेलं असतं. तसं असेल आणि आत पुरेसं ग्रीस शिल्लक असेल, तर कडा पुसून नवी क्लिप घट्ट केली की काम झालं. एक्सल बाहेर काढायची गरजच नाही.

## २. जॉइंटचा आवाज ऐका

मोकळी, सपाट जागा शोधा. काचा खाली करा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरा आणि मध्येच थोडा अॅक्सिलरेटर द्या. मग दुसऱ्या बाजूला तसंच करा. जवळ भिंत असेल तर आवाज उलटून नीट ऐकू येतो.

वळताना चाकाच्या गतीनुसार "कट-कट-कट" असा आवाज आला, तर बाहेरचा जॉइंट झिजलाय. बहुतेकदा वळणाच्या बाहेरच्या बाजूचं चाक वाजतं, म्हणजे उजवीकडे वळताना डावं. पण एवढ्यावर पैज लावू नका, चाक उचलूनही खात्री करा.

सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरते आणि पाय काढला की थांबते, अशी तक्रार असेल तर संशय आतल्या जॉइंटवर. पुढच्या गिअरमधून रिव्हर्समध्ये टाकताना "धाड" असा ठोका येत असेल तर तो आतल्या जॉइंटचा असू शकतो, किंवा इंजिन माउंटचाही (इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार). "गूं" असा सलग आवाज वेगासोबत वाढत असेल, तर आधी चाकाचं बेअरिंग तपासा. कित्येक चांगले एक्सल बेअरिंगच्या पापापायी बदलले जातात.

## ३. निर्णय घ्या, पण नट ढिला करायच्या आधी

एक्सल खाली उतरवण्याची मेहनत दोन्ही पर्यायांत जवळपास सारखीच आहे. बूट बदलण्यात वर फक्त जॉइंट खोलणं, धुणं आणि परत बसवणं एवढं वाढतं. म्हणून सामान आणायच्या आधीच ठरवा.

आवाज अजिबात नाही आणि चीर ताजी आहे, म्हणजे आतलं ग्रीस अजून मऊ आहे आणि दोन बोटांत चोळल्यावर खरखरत नाही, तर फक्त बूट बदला. थोड्याच दिवसांपूर्वी तपासणी झालेली असेल आणि तेव्हा बूट चांगला होता हे माहीत असेल, तर आणखी बरं.

आवाज येतोय तर बूट विसरा. कटकट सुरू झालेला जॉइंट ग्रीसने गप्प होतो, पण फार दिवस नाही. खड्डा पडलेलं पोलाद भरून येत नाही.

आवाज नाही, पण बूट कधी फाटला कोण जाणे, ग्रीस कोरडं झालंय किंवा त्यात रेती आणि पाणी शिरलंय, ही खरी अडचणीची अवस्था. अशा वेळी माझं मत: बूटचा किट आणा, जॉइंट खोलून धुवा आणि पायरी ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे बघा. आत खराबी निघाली तर तेव्हा जॉइंट किंवा एक्सल मागवा. मात्र त्या काळात गाडी उभी राहणार, हे गृहीत धरा.

मधला मार्गही आहे. पुष्कळ गाड्यांसाठी बाहेरचा जॉइंट सुटा मिळतो, बूट, ग्रीस आणि क्लिपांसकट. आतला जॉइंट आणि दांडा चांगला असेल आणि फक्त बाहेरचा वाजत असेल, तर मला हा पर्याय सगळ्यात पटतो. चांगल्या ब्रँडचा सुटा जॉइंट हा अनोळखी ब्रँडच्या अख्ख्या एक्सलपेक्षा केव्हाही बरा. काही एक्सलमध्ये मात्र बाहेरचा जॉइंट दांड्यावरून निघतच नाही, तेव्हा आधी चौकशी करा.

आता विकत मिळणाऱ्या, मुद्दाम चिरलेल्या बूटबद्दल, म्हणजे लांबीत कापलेला, एक्सल न काढता गुंडाळून गोंदाने किंवा स्क्रूने जोडायचा. दिसायला फार मोहक प्रकरण. गोंदाच्या सांध्याला ग्रीसचा नुसता हात लागला तरी तो धरत नाही, आणि ग्रीसने माखलेल्या जॉइंटशेजारी कोरडा हात ठेवणं किती अवघड ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. शिवाय यात जॉइंट धुतला जात नाही, आतली माती आतच राहते. लांबचा प्रवास तोंडावर आहे आणि दुसरा इलाज नाही, तेवढ्यापुरताच वापरा. ताणून जॉइंटवरून चढवायचे लवचीक बूट याहून खूप बरे, पण तेही बसवण्यासाठी शंकूचं हत्यार लागतं आणि जॉइंट हबमधून (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) सुटावाच लागतो.

## ४. सामान गोळा करा

भाग: बूटचा किट (बूट, ग्रीसची पिशवी, लहान-मोठी क्लिप, नवी सरक्लिप, म्हणजे जॉइंट दांड्यावर अडकवणारी स्प्रिंगची कडी) किंवा ठरवलेला जॉइंट अथवा एक्सल, नवा एक्सल नट (चाकाच्या मधोमध असतो तो), बॉल जॉइंटची (खालचा आर्म चाकाकडे जोडणारा सांधा) नवी कॉटर पिन, गिअरबॉक्समधून टोक काढणार असाल तर नवा ऑइल सील आणि कंपनीने सांगितलेलं गिअर ऑइल.

हत्यारं: जॅक आणि दोन भक्कम जॅक स्टँड, लांब दांड्याचा पाना, एक्सल नटचा सॉकेट (३०, ३२ किंवा ३६ मिमी नेहमी लागतात, पण आपल्या गाडीचा मोजून घ्या), टॉर्क पाना (ठरलेल्या ताकदीने नट आवळायचा), बॉल जॉइंट सोडवायचं हत्यार, पहार, सरक्लिपची पक्कड, पितळी रॉड, हातोडा आणि रबरी हातोडा, क्लिप दाबायची पक्कड, तेल धरायला पसरट भांडं, रॉकेल किंवा पार्ट क्लीनर, भरपूर चिंध्या आणि हातमोजे.

कागद: आरसी बुक किंवा चासी नंबर, आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल. एकाच मॉडेलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि एबीएसनुसार एक्सल बदलतो, डावा-उजवा तर वेगळा असतोच. दुकानदाराला नुसतं मॉडेलचं नाव सांगून भाग आणलात, तर परत फेरी मारायची तयारी ठेवा.

क्लिप दाबायच्या पक्कडीवर पैसे वाचवू नका. पाइपवर लावतात त्या स्क्रूच्या गोल क्लिपा एक्सलवर फिरताना एका बाजूला जड पडतात आणि काही वेळा शेजारच्या भागाला घासतात. प्लास्टिकची पट्टी तर नकोच.

## ५. एक्सल सोडवणं

गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे. चाक जमिनीवर असतानाच एक्सल नट ढिला करा. तो इतका घट्ट असतो की हवेत लटकत्या चाकावर ताकद लावलीत तर गाडी स्टँडवरून घसरू शकते. नटाची कड ठोकून खाचेत दुमडलेली असेल तर ती आधी उचला, नाहीतर आटे जातील.

मग गाडी उचला, स्टँडवर बसवा, चाक काढा. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही. याला अपवाद नाही.

खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवला की नकल (हब धरून ठेवणारा ओतीव भाग) बाहेर ओढता येतं. ब्रेकचा कॅलिपर काढावा लागला तर तो तारेने वर बांधा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. एबीएसची वायर ताणली जात नाही ना, तेही बघा. काही गाड्यांत स्ट्रटचे (चाकाच्या शॉकअब्सॉर्बरचे) दोन बोल्ट सोडून काम होतं. तसं केलंत तर आधी खूण करा, नाहीतर चाकाचा कोन बदलतो आणि अलाइनमेंट करून घ्यावी लागते.

एक्सलचं टोक हबमध्ये गंजून बसलेलं असतं. गंज सोडवणारं तेल मारून थांबा. मग नट दोन-तीन आटे फिरवून टोकाच्या बरोबरीला ठेवा आणि वर लाकूड धरून ठोका. उघड्या आट्यांवर हातोडा मारलात तर टोक फुलतं आणि नवा नट चढत नाही.

दांडा धरून एक्सल बाहेर खेचू नका. आतल्या जॉइंटचे रोलर कपातून निसटतात आणि त्यांच्यात बेअरिंगच्या सुट्या सुया असतील तर त्या गाडीखाली विखुरतात. गिअरबॉक्सकडचं टोक काढायचं असेल तर पहार जॉइंटच्या कपाला टेकवून एकच नेमका झटका द्या. आधी तेल काढून घ्या किंवा खाली भांडं ठेवा.

फक्त बाहेरचा बूट बदलायचा असेल तर आतलं टोक गिअरबॉक्समध्येच राहू देता येतं. नकल बाजूला घ्या, दांड्याला खालून आधार द्या आणि बाहेरचा जॉइंट तिथेच ठोकून काढा. तेल सांडत नाही, सील सुखरूप राहतो. नवख्याला ही पद्धत सोयीची.

एक्सल बाहेर असताना गाडी चाकांवर उतरवून ढकलू नका. बऱ्याच गाड्यांत हबचं बेअरिंग एक्सल नटनेच आवळलेलं असतं.

## ६. जॉइंट खोला, धुवा आणि नीट बघा

घाई करू नये ती इथे.

जुना बूट कापून फेका. जास्तीचं ग्रीस चिंधीने पुसून काढा आणि जॉइंट दांड्यावर कसा अडकवलाय ते पाहा. बऱ्याच जॉइंटमध्ये दांड्याच्या टोकाशी आत लपलेली गोल सरक्लिप असते. पितळी रॉड आतल्या रेसवर, म्हणजे गोळ्यांच्या आतल्या खोबणीच्या कड्यावर, टेकवून एक जोरदार, सरळ ठोका दिला की जॉइंट उडून बाहेर येतो. हळूहळू दहा ठोके देण्यापेक्षा एक चांगला ठोका बरा. गोळ्या धरणाऱ्या पिंजऱ्यावर ठोकू नका, तो ठिसूळ असतो. काही जॉइंटमध्ये सरक्लिपचे कान दिसतात, तिथे ठोकण्याऐवजी पक्कडीने ती फाकवायची.

आतल्या तीन रोलरच्या जॉइंटचा भाग काढणार असाल तर दांडा, त्रिकूट (तीन रोलर धरणारा भाग) आणि कप यांच्यावर रंगाने खूण करा. पंचने ठोकून नाही.

रॉकेलमध्ये बुडवून, ब्रशने, आतली रेस चारी बाजूंना कलती करत धुवा. पहिल्यांदाच करत असाल तर सगळ्या गोळ्या बाहेर काढायच्या फंदात पडू नका. रेस एका बाजूला पूर्ण कलती केली की समोरची गोळी आणि तिची खोबण उघडी पडते. अशी एकेक करून सहाही बघता येतात. धुतलेलं रॉकेल खरखर नसलेलं निघेपर्यंत धुवा आणि जॉइंट पूर्ण वाळू द्या. ओला राहिला तर रॉकेल नव्या ग्रीसला पातळ करतं.

मग उजेडात धरा. खोबणीत चकचकीत पट्टा दिसेल, तो गोळीच्या जाण्यायेण्याचा. त्याने घाबरायचं कारण नाही. त्या पट्ट्यावरून नखाचं टोक आडवं फिरवा. नख घसरत गेलं तर जॉइंट चांगला. कुठे अडलं, टवका उडालेला लागला किंवा गोळीच्या आकाराची खळगी जाणवली, तर तो जॉइंट गेला. मधल्या भागात जास्त बघा, कारण गाडी सरळ चालताना गोळ्या तिथेच असतात आणि झीज तिथेच होते. निळसर झाक म्हणजे कोरडा चालून तापलाय. पिंजऱ्याच्या खिडक्यांना तडा आहे का, गोळी खिडकीत सैल खेळते का, तेही पाहा.

इथे जॉइंट नापास झाला तर मन घट्ट करून पायरी ८ कडे जा. "एवढं खोललंच आहे तर बसवून बघू" हा मोह होतो, आणि मग हेच सगळं पुन्हा करावं लागतं.

## ७. नवा बूट चढवा

आधी लहान क्लिप दांड्यावर, मग बूट, मग जॉइंट. हा क्रम पाठ करा. जॉइंट बसवून झाल्यावर बाकावर पडलेली क्लिप दिसणं ही या कामातली सर्वात नेहमीची फजिती आहे.

दांड्याच्या दातेरी खाचांवर टेप गुंडाळा, म्हणजे बूट आत सरकताना कापला जात नाही. नंतर टेप काढा आणि नवी सरक्लिप बसवा. जुनी वापरू नका.

किटमधलं ग्रीस मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं, काळपट असतं. साधारण अर्धं जॉइंटच्या गोळ्यांमध्ये दाबून भरा, उरलेलं बूटमध्ये. पिशवी पूर्ण वापरा, पण वरून आणखी घालू नका. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही. आतल्या जॉइंटचं ग्रीस वेगळं दिलेलं असेल तर दोन्ही मिसळू नका.

जॉइंट दांड्यावर धरून रबरी हातोड्याने ठोका. सरक्लिप बसल्याची "टक" जाणवते. मग ओढून बघा. निघाला तर बसला नव्हता.

बूटच्या कडा ज्या खाचेत बसतात तिथलं ग्रीस पुसून कोरडं करा. मोठी क्लिप आवळा. लहान क्लिप आवळण्याआधी बूटच्या ओठाखाली बोथट पातळ पेचकस घालून आतली हवा सोडा, आणि बूट ना फुगलेला ना पिचलेला अशा लांबीवर ठेवा. मॅन्युअलमध्ये माप दिलेलं असेल तर तेच धरा. हवा अडकून राहिली तर तापल्यावर बूट फुगतो, निर्वात झाला तर घड्या आत ओढल्या जाऊन घासतात. कडक प्लास्टिकच्या बूटना रबरी बूटपेक्षा क्लिप जास्त घट्ट लागते.

## ८. एक्सलच बदलणार असाल तर

नवा आणि जुना शेजारी शेजारी झोपवा. लांबी, दोन्ही टोकांच्या खाचांची संख्या, आटे, एबीएसची दातेरी रिंग, सगळं जुळलं पाहिजे. बूटच्या क्लिपा घट्ट आहेत का हेही हाताने फिरवून बघा, नव्या एक्सलवरही कधी ढिल्या निघतात. मूळ जुना एक्सल लगेच भंगारात देऊ नका. गाडी नव्यावर चालून शांत आहे याची खात्री होईपर्यंत ठेवा.

## ९. परत जोडा

गिअरबॉक्सच्या सीलच्या ओठाला थोडं तेल लावा आणि एक्सल सरळ आत न्या, खाचांची धार सीलवर घासू देऊ नका. बसल्याची टक लागली पाहिजे. बाकी सगळं उलट क्रमाने.

नट नवा. आधी हलका आवळा, चाक जमिनीला टेकवा, मग टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्यावर. तो बऱ्याच गाड्यांत २०० न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, आणि काहींत त्यानंतर अमुक अंश फिरवायला सांगितलेलं असतं. हवेच्या गनने अंदाजाने आवळू नका, बेअरिंगचं आयुष्य याच आकड्यावर ठरतं. नटाची कड ठोकून लॉक करा, गिअर ऑइल मोजून भरा, कॉटर पिन वाकवा. गाडी हलवण्याआधी ब्रेक दोनदा दाबून घ्या.

## १०. पुढच्या काही दिवसांत

पहिल्या फेरीत पायरी २ मधली तीच वर्तुळं मारा. मग शंभरेक किलोमीटरनंतर चाकाच्या मागे हात घालून दोन्ही क्लिपांभोवती बोट फिरवा. अगदी पातळ तेलकट थर चालतो, तो बसवताना बाहेर राहिलेल्या ग्रीसचा असतो. पुसून टाका आणि आठवड्याने पुन्हा बघा. रिमवर पुन्हा शिंतोडे दिसले तर क्लिप ढिली आहे, जॉइंट खोलायची गरज नाही. गिअरबॉक्सकडे थेंब दिसला तर सील दुखावलाय, तेलाची पातळी उतरण्याआधी तो बदला.

आणि दुसऱ्या बाजूचा बूट? तो त्याच वयाचा आहे. घड्यांच्या तळाशी केसासारख्या रेघा दिसत असतील, पण ग्रीस अजून आतच असेल, तर आताच बदला. त्या जॉइंटला माती लागलेली नाही, म्हणून तिथे नवा एक्सल घेण्याचा प्रश्नच येत नाही.